नागपूरच्या उन्हाळ्यात कॉफीच्या बिया कशात ठेवाव्यात?

भाजलेल्या बियांना हवा, ओल, उजेड आणि उष्णता या चारही गोष्टी बाधतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात घरोघरी कूलर. कूलरची हवा दमट असते, हे बरेचजण विसरतात. त्यामुळे डबा कूलरच्या झोतात किंवा गॅसच्या ओट्यावर नको. खालच्या, आतल्या कपाटात ठेवा.

रबरी रिंग आणि क्लिपचं झाकण असलेली काचेची बरणी मला सर्वांत भरवशाची वाटते, फक्त ती अंधारात हवी. साधा स्टीलचा डबा दिसायला घट्ट, पण बहुतेकांची झाकणं हवाबंद नसतात. मसाल्याचा जुना प्लास्टिकचा डबा तर मुळीच नको, सावजी मसाल्याचा वास कितीही घासला तरी जात नाही.

बरणी लहान घ्या. अर्धी रिकामी बरणी म्हणजे आत तेवढी हवा. चिखलदऱ्याहून पाव किलो आणली असेल तर दोन बरण्या करा, एक संपल्यावरच दुसरी उघडा. ताज्या भाजलेल्या बिया काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडतात, तोवर त्या झडपेच्या (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी) मूळ पाकिटातच राहू द्या.

फ्रिजमध्ये ठेवू नका, दर वेळी बाहेर काढताना बियांवर दव धरतं.