सातपुड्यातील पाड्यांवर कुटुंब-सर्वेक्षण कसे करावे

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) या तालुक्यांत कागदावर जे एक गाव असते, ते प्रत्यक्षात डोंगराच्या धारांवर विखुरलेल्या अनेक पाड्यांचे असते, आणि पाड्यातही घराला घर लागून नसते, कारण जो तो आपापल्या शेतात राहतो. गाडी पोहोचते तेथील घरे करून परतण्याचा मोह येथे फार होतो. मात्र शेवटच्या धारेवरची घरे वगळली की पाणी, लसीकरण, शाळा आणि धान्य यांविषयीचे सगळेच आकडे प्रत्यक्षापेक्षा बरे दिसू लागतात. म्हणून पुढील सारे नियोजन त्या शेवटच्या घरापासून सुरू करावे.

काळ निवडताना स्थलांतराचा विचार आधी करावा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातकडे जातात, तर पावसाळ्यात नाले भरले की वाटा तुटतात. त्यामुळे पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात सोयीचा ठरतो. होळीला बरीच माणसे परततात खरी, पण सणाच्या दिवसांत प्रश्नावली उघडू नये. धडगाव किंवा मोलगीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी घरे रिकामी असतात; तो दिवस मुलाखतींना न देता निरोप पोहोचवण्यासाठी वापरावा. मणिबेली, चिमलखेडी यांसारख्या नर्मदेकाठच्या गावांना बोटीने जायचे असल्यास सरदार सरोवर धरणाच्या पाण्याची पातळी विचारून घ्यावी, कारण पातळीप्रमाणे उतरण्याची जागा आणि पुढची चढण दोन्ही बदलतात.

दोन्ही तालुके अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात असून तेथे ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. वरिष्ठ कार्यालयाचे पत्र जवळ असले तरी ग्रामसभेसमोर, निदान सरपंच, पोलीस पाटील आणि पाड्याचा कारभारी यांच्यासमोर, काम काय आहे, माहिती कोठे जाणार आणि त्यातून लगेच काय मिळणार नाही, हे स्पष्ट सांगावे. घरकुल किंवा रेशनकार्ड मिळेल असा समज एकदा पसरला की उत्तरे त्या दिशेने वाकतात. वनजमिनीच्या प्रश्नाला तर विशेष जपावे: ज्यांचा वनहक्काचा दावा प्रलंबित आहे, त्यांना वही घेऊन आलेला प्रत्येक माणूस वनखात्याचा वाटू शकतो. म्हणून हा प्रश्न मुलाखतीच्या शेवटी ठेवावा आणि उत्तर नाकारल्यास आग्रह धरू नये.

घरयादी स्वतः चालूनच करावी. अंगणवाडीसेविका आणि आशा (आरोग्य स्वयंसेविका) यांच्या नोंदी आधाराला घ्याव्यात, परंतु त्यांना अंतिम मानू नये. नाला, खिंड, मोठे झाड आणि पायवाट दाखवणारा पेन्सिलीचा नकाशा काढून घरांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक घरी ‘याच्या पलीकडे कोणी राहते का?’ असे विचारावे. ‘नाही’ या उत्तरानंतरही समोरच्या उतारावर धूर दिसला तर तेथवर जावे. कुटुंब मोजताना छप्पर न मोजता चूल मोजावी: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. एकाच अंगणात दोन भावांच्या किंवा दोन बायकांच्या चुली वेगळ्या असू शकतात.

पावरा आणि भिल्ल वस्त्यांत मराठीतून विचारलेला प्रश्न, विशेषतः वयस्कर स्त्रियांपर्यंत, नीट पोहोचत नाही. त्यासाठी स्थानिक सहायक घ्यावेत, त्यांत एक तरी स्त्री असावी, आणि त्यांची मजुरी आधी ठरवावी. प्रत्येक प्रश्न पावरीत किंवा भिलीत कसा विचारायचा, हे सर्वांनी मिळून बसून पक्के करावे. सहायकाने मोठे उत्तर ऐकून ‘हो म्हणतात’ एवढेच सांगितले, तर तेथेच थांबून पूर्ण उत्तर मागावे.

सर्वांत जास्त वेळ वयाला लागतो. ‘असेल चाळीस-पन्नास’ हे उत्तर तसेच लिहिले की शून्य आणि पाचाने संपणाऱ्या वयांची गर्दी होते. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल, तर ती तारीखही सोयीने लिहिलेली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा घटनांवरून मागे जावे: १९७२ च्या दुष्काळात तुम्ही गुरे राखण्याएवढे होता का, १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा झाला तेव्हा थोरला मुलगा चालत होता का, धाकटी २०२० च्या लॉकडाऊनच्या आधीची की नंतरची? लहान मुलांसाठी होळी, पेरणी आणि कापणी यांचा आधार घेतल्यास महिन्यापर्यंत पोहोचता येते.

मोबाइलवरील प्रश्नावली नेटवर्कविना चालेल अशीच असावी. कोबो किंवा ओडीके या सर्वेक्षणाच्या अॅपमध्ये ती सोय आहे. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, मात्र खोल दरीत अचूकता स्थिर होईपर्यंत उघड्यावर थांबावे लागते. पॉवर बँक आणि कोऱ्या छापील प्रश्नावल्या बरोबर ठेवाव्यात. मुक्काम असेल त्या घरी आपला तांदूळ-डाळ द्यावी. मोहाची दारू पुढे आल्यास हात जोडून नकार द्यावा, कोणी त्याचे वाईट वाटून घेत नाही. घरातील पुरुष प्यायलेला असेल तर मुलाखत सकाळवर ढकलावी.

कुलूप दिसले म्हणून शेजारचे घर घेऊ नये. निरोप ठेवून निरनिराळ्या वेळी पुन्हा जावे, आणि तरीही भेट झाली नाही तर स्थलांतर, बाजार, शेत की नकार, असे कारण शेजाऱ्यांना विचारून नोंदवावे. दररोज रात्री, पाडा सोडण्याआधी, प्रश्नावल्या एकमेकांकडून तपासून घ्याव्यात, म्हणजे राहिलेल्या रकान्यासाठी सकाळी जवळच्या घरी जाऊन येता येते; मोलगीला उतरल्यावर सापडलेली चूक बहुधा तशीच राहते.