खुब्याचं हाड मोडलं: भूल कमरेतून की पूर्ण?

म्हातारं माणूस मोरीत घसरून पडलं, उभं राहता येईना, एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर खुबा मोडला असंच धरून चाला. मालीश नको, ओढूनताणून बसवणं नको. दोन्ही बाजूंना उशा लावून पाय आहे तसा ठेवा आणि 108 ला फोन करा. एक्स-रे, हाडांचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ तिन्ही जिथे आहेत तिथेच न्या: विदर्भात यवतमाळ, अकोला, चंद्रपूरचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय किंवा सेवाग्राम. वाटेत दोन दवाखाने केले की दिवस तिथेच संपतो. ब्रिटनमध्ये 36 तासांच्या आत ऑपरेशन व्हावं असं उद्दिष्ट धरतात, यावरून घाईचा अंदाज घ्या.

नातेवाइकांचा हट्ट बहुधा असतो, "पूर्ण भूल नका देऊ, उठणार नाही." हा हट्ट सोडा. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खुबा मोडलेल्यांत या दोन भुलींची तुलना करणाऱ्या रीगेन चाचणीत अमेरिका-कॅनडातले पन्नाशीपुढचे 1600 रुग्ण होते. 60 दिवसांनी दगावलेले किंवा काठी-वॉकर घेऊनही दहा फूट चालता न येणारे कमरेतल्या भुलेत 18.5 टक्के, पूर्ण भुलेत 18 टक्के. म्हणजे फरक नाहीच. ऑपरेशननंतरची बडबड, भ्रम यांतही कमरेतली भूल सरस ठरली नाही.

मग बिघडतं कुठे? बीपीत. मे महिन्यात 45 अंशांत आजी रात्रीपासून उपाशी, सकाळचा नंबर दुपारवर जातो, अंगातलं पाणी आटलेलं असतं. त्यात कमरेत औषध गेलं की बीपी धाडकन खाली येतो. जेवण 6 तास आधी बंद, पण साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. नंबर पुढे गेला की सिस्टरला विचारून पाणी पाजा. डॉक्टरांसाठी: वाळलेल्या म्हातारीला तरण्याचा 3 मिली डोस नको. कमरेतल्या भुलेचं औषध, 0.5 टक्के हेवी ब्युपिव्हाकेन, 2 मिली, म्हणजे 10 मिलीग्रॅम, बहुधा पुरतं.

कमरेत सुई देताना कुशीवर वळवावं लागतं, आणि मोडलेल्या खुब्यावर ते असह्य होतं. म्हणून आधी जांघेत फॅशिया इलियाका ब्लॉक, म्हणजे तिथल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन द्यावं. 0.25 टक्के ब्युपिव्हाकेन 30 मिली म्हणजे 75 मिलीग्रॅम. 2 मिलीग्रॅम दर किलो ही मर्यादा धरली तर 40 किलोच्या आजीला 80 च्या पुढे जाता येत नाही. नंतर सर्जनने जखमेत तेच औषध भरलं तर तेही हिशेबात धरायचं. पडलेल्या माणसाला काट्यावर उभं करता येत नाही, तेव्हा आधीचं वजन घरच्यांनीच सांगावं.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याचं तोंड आवळतं, तीन बोटंही आडवी जात नाहीत. अशा वेळी पूर्ण भुलेची नळी घालणं अवघड, म्हणून कमरेतली भूल बरी वाटते; पण ती लागलीच नाही तर? त्यामुळे दुर्बिणीने नळी घालण्याची तयारी आधीच हवी. हे लपवू नका, लाजण्यासारखं काही नाही.

गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. ॲस्पिरिन कमरेतल्या सुईच्या आड येत नाही. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर कमरेत सुईसाठी 5 ते 7 दिवस थांबावं लागतं, आणि तेवढे दिवस खाटेवर पडून राहणं जास्त घातक. अशांना पूर्ण भूलच दिलेली बरी. वॉरफरिन ही तशीच दुसरी गोळी असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) 1.5 च्या खाली यायला हवा, त्यासाठी व्हिटॅमिन के देता येतं. हृदयाची झडप अरुंद असल्याचं कधी सांगितलं असेल तर तेही बोला.

घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर त्याच्या तपासणीचं कार्ड दाखवा. आजार असलेल्याला कोणतीही भूल चालते, पण गारठा, तहान आणि ऑक्सिजनची कमतरता चालत नाही. थिएटरच्या एसीत पांघरूण मागून घ्या.

ऑपरेशननंतर चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी लगेच परत द्या, रात्री ओळखीचा माणूस बसवा. दुसऱ्या दिवशी उठवून बसवायला आले की "दुखतंय, राहू द्या" म्हणू नका. आधी दुखण्याचं औषध मागा, मग उठवा.