जिनिंगात रक्त सांडलं तर कसं साफ करावं

दिवाळीनंतर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, सुरू झालं की रेच्यापाशी, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रापाशी, कुणाचं ना कुणाचं बोट कापतंच. माणसाला गाडीवर बसवून दवाखान्यात धाडतात, फरशीवर रक्त तसंच राहतं. मग कुणीतरी मूठभर रुई उचलून त्यावर टाकतो. मीही टाकली होती. पण कच्च्या रुईला मेण असतं, दवाखान्यातल्या कापसाचं ते काढलेलं असतं. रक्त शोषलं नाहीच, वर हातभर पसरलं.

आधी मशीनचा मेन बंद करा, दोन पोती टाकून जागा अडवा. रबरी हातमोजे, मास्क, बंद बूट घाला. चपलेवर जाऊ नका.

आता औषध. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत 30 ते 33 टक्के क्लोरीन असतं, म्हणून लिटरभर पाण्यात 33 ग्रॅम घातली की 1 टक्क्याचं पाणी तयार होतं. आपल्याकडच्या उन्हात उघड्या डब्यातली पावडर लवकर मरते. वास गेलेली घेऊ नका. पाणी ऐनवेळी, मोकळ्या हवेत कालवा. त्यात संडासचं ॲसिड चुकूनही घालू नका, विषारी वायू सुटतो. डबाही रुई नि तेलापासून लांब ठेवा.

काच किंवा ब्लेड असेल तर चिमट्याने उचला. रक्तावर जुनं सुती फडकं झाका, कडेकडून मध्यापर्यंत औषधाचं पाणी ओता आणि 30 मिनिटं थांबा. नेमकं इथंच मुकादमाला घाई सुटते. पण हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस तग धरतो. नंतर फडकं बाहेरून आत गोळा करा, जागा त्याच पाण्याने पुन्हा पुसा, मग साध्या पाण्याने. लोखंडावर तर नक्कीच, नाहीतर गंज चढतो. मातीची जमीन असेल तर भिजलेली माती खरवडून काढा.

लघवी-उलटीवर हे पाणी थेट ओतू नका. आधी फडक्याने टिपून घ्या. लघवीत क्लोरीन मिसळलं की डोळे झोंबवणारी वाफ येते.

फडकी, हातमोजे वेगवेगळ्या दुहेरी पिशवीत बांधा. उकिरड्यावर टाकू नका, जाळू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून फडकी त्यांच्या पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत द्या. हात साबणाने धुवा.

साफ करताना काही टोचलंच तर जखम पिळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हाव्या लागतात.