कंट्रोल हब कनेक्ट होत नाही? रीसेट मारायच्या आधी या चुका टाळा

एफटीसी या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेचा सीझन सुरू झाला की इंदूरच्या आमच्या पोरांचा मेसेज ठरलेला, 'दादा, हबच खराब आहे हो, बदलून घ्यायचा का', आणि तोवर कुणीतरी बटण दाबून रीसेट करून मोकळाही झालेला असतो. हब बहुतेक वेळा ठणठणीत असतो. एफटीसीतला रेव्ह कंपनीचा कंट्रोल हब, म्हणजे रोबोट चालवणारा छोटा कॉम्प्युटर, स्वतःच वाय-फाय सोडतो, घरच्या राउटरशी त्याचं काही देणंघेणं नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

म्हणूनच लॅपटॉप हबला जोडल्यावर 'नो इंटरनेट' असं दाखवतो ते बरोबरच आहे, घाबरून डिस्कनेक्ट करू नका. खरी गंमत पुढे होते, लॅपटॉपला नेट मिळत नाही म्हणून तो गुपचूप घरच्या वाय-फायवर परत जातो आणि आपण बसतो पेज रिफ्रेश करत. घरच्या वाय-फायचं ऑटो कनेक्ट बंद करा, व्हीपीएन असेल तर तोही, आणि मग ब्राउझरमध्ये हबचं पेज, 192.168.43.1:8080, उघडा. हब चालू केल्याकेल्या नाही हां, अर्धा एक मिनिट तरी थांबा, आत अँड्रॉइड आहे, त्याला उठायला वेळ लागतो.

नवीन हबच्या वाय-फायचं नाव एफटीसी किंवा फर्स्ट आणि पुढे चार अक्षरं असं असतं, पासवर्डही 'पासवर्ड' हाच शब्द, इंग्रजी स्मॉल अक्षरांत. तो बदला, पण बदललेला कुठेतरी लिहून ठेवा की बाबांनो! ड्रायव्हर स्टेशनमध्ये, म्हणजे रोबोट चालवणाऱ्याच्या हातातल्या ॲपमध्ये, पेअरिंग मेथड 'वाय-फाय डायरेक्ट' राहिली असेल तर हब जोडला जाणार नाही, तिथे 'कंट्रोल हब' निवडा. हब आणि ड्रायव्हर स्टेशन, दोन्हीकडच्या ॲपचं व्हर्जनही एकच ठेवा.

आता सगळ्यात डोकं खाणारा प्रकार, म्हणजे जागेवर सगळं मस्त चालतं आणि रोबोट जोरात पळवला की कनेक्शन जातं. इथे सगळे वाय-फायला शिव्या देतात. कनेक्शन गेलं त्या क्षणी हबचा दिवा बघा. दिवा विझला किंवा हब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तर तो पॉवरचा प्रॉब्लेम आहे, मोटरींनी एकदम करंट ओढला, व्होल्टेज पडलं, हब रीस्टार्ट. बॅटरी बदला, पिवळे एक्सटी30 कनेक्टर हलवून बघा, ढिले असतातच. बॅटरी 12 व्होल्टची आहे म्हणून 12 दाखवलं की झालं असं नसतं, पूर्ण चार्ज असली की ती 13 च्या आसपास दाखवते, ड्रायव्हर स्टेशनच्या स्क्रीनवर आकडा येतोच.

दिवा चालूच राहिला आणि कनेक्शन तेवढं गेलं, तर मग रेडिओकडे वळा. रामबागेतल्या एखाद्या बिल्डिंगमध्ये प्रॅक्टिस करत असाल तर प्रत्येक फ्लॅटचा राउटर 2.4 गीगाहर्ट्झवर ओरडत असतो, हबच्या त्याच पेजवर मॅनेजमध्ये जाऊन 5 गीगाहर्ट्झचं चॅनल निवडा. हब ॲल्युमिनियमच्या प्लेटांमध्ये चारही बाजूंनी कोंबला असेल तर तो बाहेर काढा, दिसायला भारी दिसतं पण सिग्नल मरतो. कोरड्या हवेत फोमच्या टाइल्सवर चाकं घासून स्टॅटिकही जमतो, फ्रेमला हात लावला की चटका बसतो आणि हबचं कनेक्शन अचानक तुटतं.

हे सगळं करून झालं आणि पासवर्ड खरंच हरवला असेल, तरच बटण दाबून धरून पॉवर द्या, दिवा वेगवेगळ्या रंगात भराभर लुकलुकेपर्यंत. नाव-पासवर्ड मूळ होतात, मग ड्रायव्हर स्टेशनला जुनं नेटवर्क फरगेट करायला सांगा, नाहीतर ते बसेल जुनंच नाव शोधत.