वन-साइडेड लव्हवाल्या रॉमकॉम बघायच्या कशा (स्वतःचं नुकतंच फिसकटलेलं असताना)

पहिल्यांदाच सांगतो, पहिल्या आठवड्यात काहीच बघू नका. तेव्हा जाहिरातीतलं जोडपं बघूनसुद्धा घसा दाटतो, आख्खा सिनेमा काय झेपणार. दहा-बारा दिवस जाऊद्यात, जेवण नीट जायला लागलं की मग सुरू करा. आणि तिला किंवा त्याला ओळखणारा कॉमन फ्रेंड बघायला बरोबर नको, कारण इंटरव्हलच्या आत तुम्ही त्याला विचारणारच "ती काही बोलली का रे माझ्याबद्दल". मी विचारलं होतं. तो चहा करायला म्हणून किचनमधे गेला तो अर्धा तास आलाच नाही.

लागणारं सामान: एक वही, पेन, आणि फोन ठेवायला पिठाचा डबा. हसू नका, पिठाच्या डब्यातून फोन काढायचा तर हात भरतात, तेवढ्यात मेसेज करायची हुक्की जाते.

आता वही कशाला. मधे एक रेघ मारायची, डावीकडे समोरची व्यक्ती खरंच जे बोलली ते लिहायचं आणि उजवीकडे आपल्या हीरोला जे ऐकू आलं ते. बस एवढंच, पण हे करून बघाच, कारण या प्रकारच्या सगळ्या चांगल्या सिनेमांची गंमत त्या रेघेवरच चालते.

सुरुवात '(५००) डेज ऑफ समर'ने करा, २००९ चा, मार्क वेबचा. लॉस एंजेलिसमधे ग्रीटिंग कार्डांच्या कंपनीत मजकूर लिहिणारा टॉम आणि तिथेच कामाला आलेली समर. निवेदक सुरुवातीलाच सांगून टाकतो की ही लव्हस्टोरी नाहीये, तरी आपण दीड तास लव्हस्टोरी समजूनच बघतो हे विशेष. समर त्याला लवकरच स्पष्ट सांगते की मला सिरियस काही नकोय, तो चालेल म्हणतो आणि मनात लग्नाच्या पंगती मांडतो. डावीकडे "सिरियस नको", उजवीकडे "अजून वेळ आहे, पटेल". माझी स्वतःची वही इथेच भरली, कारण मला एकीने "तू खूप चांगला आहेस पण" असं म्हटलं होतं आणि मी "पण"च्या आधीचं तेवढं पाठ केलं होतं.

त्यात एक पार्टीचा सीन आहे, स्क्रीनचे दोन भाग, एकीकडे त्याला वाटलेलं आणि दुसरीकडे खरं घडलेलं, आणि खरं घडलेल्या भागात तिच्या बोटात अंगठी दिसते. तिथे पॉज करा, पाणी प्या. पहिल्यांदा बघताना मी समरला शिव्या घातल्या, सगळेच घालतात. मग २०१८ मधे टॉमचं काम करणाऱ्या जोसेफ गॉर्डन-लेविटनेच ट्विट केलं की चूक बरीचशी टॉमची आहे, तो ऐकतच नाही, स्वार्थी आहे. म्हणून हा सिनेमा दोनदा बघायचा, दुसऱ्यांदा फक्त समरकडे बघत. टॉम बोलतोय तेव्हा तिचा चेहरा बघा, वेगळाच सिनेमा दिसतो.

दुसरा, 'कभी हाँ कभी ना', १९९४, कुंदन शाह. गोव्यातला सुनील, परीक्षेत नापास, घरी खोटा निकाल दाखवतो, आनावर जीव आणि आनाचा ख्रिसवर. हा पठ्ठ्या दोघांत भांडण लावायला खोटं बोलतो, पकडला जातो, बँडमधून हाकलला जातो. मला हा सगळ्यात आवडतो कारण सिनेमा त्याच्यावर माया करतो पण त्याला माफ करत नाही, लबाडीची किंमत वसूल करतो. आणि मुलगी बक्षीस म्हणून देत नाही! शाहरुख हरतो, लोकहो, शाहरुख. शेवटी चर्चमधे अंगठी हरवते तेव्हा त्याच्याकडे बघा, बाकी काही सांगत नाही.

हे जमलं की मग 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग' (१९९७). यात उलटं, एकतर्फी प्रेम बाईचं, आणि ज्युलिया रॉबर्ट्स आख्खा सिनेमाभर दुसऱ्याचं लग्न मोडायच्या मागे. ती मायकलच्या मागे, मायकल किमीच्या मागे, आणि फोनवर तिचा मित्र जॉर्ज विचारतो, तुझ्या मागे कोण आहे? कोणी नाही. हा सीन हसत हसत बघा आणि मग वहीत तुमच्या केसमधे कोण कोणाच्या मागे होतं त्याचे बाण काढा, माझ्यात बाण एकच निघाला. याचा शेवट आधी वेगळा होता, तिला नवीन माणूस भेटतो असा, टेस्ट स्क्रीनिंगला लोकांना तो रुचला नाही म्हणून पुन्हा शूट करून जॉर्जला आणलं. बरं केलं, लगेच दुसरा मिळाला की सगळा त्रास खोटा वाटतो.

एकतर्फी नसून चांगलं चाललेलं मोडलं असेल तर 'फरगेटिंग सारा मार्शल' (२००८) हा मधेच घुसवा. पीटर त्याला सोडून गेलेल्या साराला विसरायला हवाईला जातो आणि ती त्याच हॉटेलात नवीन बॉयफ्रेंडबरोबर. धमाल आहेच, पण उत्तरार्धात सारा सांगते की सोडण्याआधी तिने किती प्रयत्न केले होते, तेव्हा डावीकडची बाजू एकदम भरते. आईवडिलांसोबत बघू नका, ब्रेकअपच्या सीनला तो कपड्याविना उभा आहे.

सई परांजपेंचा 'कथा' (१९८३) मात्र सगळ्यात शेवटी. मुंबईतली चाळ, गप्प राजाराम, समोरची संध्या, आणि मधे घुसलेला बाशू. अप्रतिम आहे, पण इथे राजारामला शेवटी ती मिळते, म्हणून आधी बघितलात तर डोक्यात बसेल की तोंडातून ब्र न काढता थांबून राहिलं की होतं.

हीरो नकार ऐकून मागेमागे फिरतो आणि शेवटी ती "हो" म्हणते असले सिनेमे या काळात साफ बंद, ते कितीही हिट असोत. स्टेटसला डायलॉग टाकणंही बंद, ज्याच्यासाठी टाकता ती व्यक्ती बघते आणि म्यूट करते.

आणि वही जपून ठेवा. माझी रूममेटच्या हाती लागली, अजून ग्रुपवर मॅचचा टॉस हरलो तरी कोणीतरी माझं उजवीकडचं वाक्य टाकतंच, "अजून वेळ आहे, पटेल".