कोडिंग बूटकॅम्पची फी वसूल कशी करावी

वेबसाइट बनवायला लागणाऱ्या एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट या भाषा शिकायला पैसे लागत नाहीत. फ्रीकोडकॅम्प, द ओडिन प्रोजेक्ट, हार्वर्डचा सीएस५० हे सगळं ऑनलाइन शिक्षण चोपड्यात किंवा नवापुरात बसून फुकट मिळतं. मग बूटकॅम्पची, म्हणजे थोड्या महिन्यांच्या सघन कोडिंग क्लासची, फी कशाची? जाणत्या माणसाने तुमचा कोड ओळीओळीने वाचावा आणि ‘इथे चुकलंय, कारण हे’ असं सांगावं, याची. हे जितक्या वेळा घडेल तितकी फी वसूल.

सही करण्याआधी

तीन आकडे लेखी मागा: मागच्या बॅचला किती जण बसले, किती शेवटपर्यंत टिकले आणि किती जणांना कोडिंगचंच काम मिळालं. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हा आकडा फक्त टिकलेल्यांवरून काढलेला असू शकतो. मग विचारा, कोड रिव्ह्यू (तुमचा कोड वाचून चुका सांगणं) कोण करतं आणि आठवड्यातून किती वेळा? इथे उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं ऐकायची गरज नाही.

‘फी सोप्या हप्त्यांत’ म्हणजे बरेचदा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज. क्लास सोडला तरी हप्ता आपोआप सुटत नाही आणि थकला की सिबिल स्कोअर पडतो. की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या अटींचा एकत्रित कागद) मागून त्यात वार्षिक दर, एकूण परतफेड आणि कर्ज मागे घेण्याची मुदत वाचा.

सुरू होण्याआधीचे पंधरा दिवस

लॅपटॉपला एसएसडी (वेगवान स्टोरेज) हवीच. ८ जीबी रॅमवर काम भागतं, नवा घेत असाल तर १६ घ्या. एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) आणि ब्राउझरच्या वीस टॅब एकदम उघडल्या की ८ जीबी लॅपटॉप रडायला लागतो. नोडची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) आणि व्हीएस कोड हा एडिटर आधीच टाकून ठेवा. प्रोजेक्टचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये ठेवू नका. नोडच्या हजारो बारीक फाइली ते सिंक करत बसतं आणि मध्येच फाइल लॉक झाल्याची एरर येते. फोल्डरच्या नावात जागा किंवा मराठी अक्षरंही नकोत.

ऑनलाइन बॅच असेल तर वीज गेल्यावर लॅपटॉप चालतो, राउटर बंद पडतो. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा. डेव्हडॉक्स या साइटवरची प्रोग्रामिंगची माहिती ऑफलाइन उतरवून ठेवली की नेट नसतानाही काम अडत नाही. आणि एप्रिल-मेच्या उन्हात लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालची हवा कोंडली की तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि आपण मात्र कोडमध्ये दोष शोधत बसतो.

रोजचा क्रम

शिक्षकांनी दाखवलेलं काम त्याच संध्याकाळी व्हिडिओ बंद करून कोऱ्या फाइलपासून पुन्हा लिहा. जिथे हात थांबतो, तेवढंच आलेलं नसतं.

अडलात तर तीस मिनिटं स्वतः झटा. एररमधला मूळ संदेश आणि ओळीचा आकडा आधी वाचा. मग विचारा, आणि प्रश्नात चार गोष्टी द्या: काय करायचं होतं, काय झालं, एररचा मजकूर जसाच्या तसा, आतापर्यंत काय करून पाहिलं. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका, त्यातला मजकूर कॉपी होत नाही. इंग्रजी जमत नाही म्हणून गप्प बसण्यापेक्षा मराठीत विचारा. फक्त एरर इंग्रजीत तशीच ठेवा.

एआयने लिहिलेला जो कोड तुम्हाला ओळीनिहाय समजावता येत नाही, तो रिव्ह्यूला देऊ नका. नाहीतर फी तुमची आणि चुका दुरुस्त होतात यंत्राच्या.

रोज गिटवर कमिट करा, म्हणजे त्या दिवसाचे बदल नोंदवा. पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेची गुप्त किल्ली) असलेल्या फाइलचं नाव पहिल्याच दिवशी गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाका. चुकून वर गेलीच तर नुसती फाइल पुसून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. ती की रद्द करून नवी घ्यावी लागते.

प्रोजेक्ट गावातला घ्या

कामांची यादी आणि हवामान दाखवणारं पान सगळेच करतात. त्याऐवजी केळीची विक्रीवही करा: तारीख, मृगबाग की कांदेबाग (लागवडीचा हंगाम), वजन, क्विंटलचा भाव, खर्च. रावेर आणि बऱ्हाणपूरचे भाव शेजारी दिसले तर घरचे लोकही वापरतील, आणि खरे वापरणारे आले की खऱ्या चुका निघतात.

पहिली चूक बेरजेत निघेल. फॉर्ममधून आलेला आकडा जावास्क्रिप्टसाठी मजकूर असतो, म्हणून हमाली ५० आणि वाहतूक १२०० यांची बेरीज ‘५०१२००’ येते. गुणाकार मात्र बरोबर येतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. उपाय म्हणजे बेरजेआधी मजकुराचं संख्येत रूपांतर करणं. पण वडिलांनी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले तर ते रूपांतरही फसतं आणि पडद्यावर ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’) उमटतं. देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलणारं छोटं फंक्शन लिहा. पुढे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेल्या माहितीची फाइल) काढून एक्सेलमध्ये उघडली की गावांची नावं विचित्र चिन्हांत दिसू शकतात. फाइल यूटीएफ-८ मध्येच (मराठीसह सगळी अक्षरं साठवायच्या पद्धतीत) असते, फक्त सुरुवातीला बीओएम ही ओळखखूण नसल्यामुळे एक्सेलला ते ओळखता येत नाही.

या तीनही दुरुस्त्या वेगवेगळ्या कमिटमध्ये ठेवा आणि रीडमीत (प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फाइलीत) प्रत्येकीचं कारण दोन ओळींत लिहा. मुलाखतीत ‘अडचण कोणती आली?’ हा प्रश्न आला की ते कमिट उघडून दाखवता येतात.