नाताळची उपकारस्तुती घरच्या घरी

घरची उपकारस्तुती, म्हणजे वर्षभराच्या भल्याबद्दल देवाचे आभार मानायची प्रार्थना, 25 तारखेवर ढकलू नका. त्या दिवशी उपासना, पाहुणे आणि जेवणावळ यांतच घर गुंतलेलं असतं. 31 च्या रात्री मंडळीची (चर्चची) वर्षाखेरची उपासना असते. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या चार आठवड्यांतला, तिसरा आठवडा बरा पडतो. वेळ संध्याकाळी सातची ठेवा. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाणारे तेवढ्यात येऊन जातात. नऊची ठेवली की निम्मे पुरुष रानात असतात.

पाऊण तास पुरे. स्वयंपाक आधी उरकून घ्या, नाहीतर बाया चुलीपाशी आणि प्रार्थना बैठकीत असं होतं. एक भजन झालं की बायबलमधलं स्तोत्र 136 घ्या. त्याच्या 26 वचनांपैकी प्रत्येकाच्या शेवटी ‘कारण त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद येतं. एकानं पहिला भाग वाचायचा, पालुपद सगळ्यांनी म्हणायचं. वाचता न येणारी आजी आणि लहान लेकरंही सहज सामील होतात.

मग साक्षी, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते ज्यानं त्यानं सांगायचं. तीन मिनिटांत आणि नेमकी. ‘देवानं सगळं चांगलं केलं’ यातून काहीच कळत नाही. ‘उन्हाळ्यात आमची विहीर आटली तेव्हा शेजाऱ्यानं त्याच्या बोअरचं पाणी दिलं’ यातून कळतं. घोळ इथंच होतो: नव्या गाडीची, पोराच्या पगाराची यादी सुरू होते आणि ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलं तो कोपऱ्यात मान खाली घालून बसतो. म्हणून दुष्काळ किंवा अतिवृष्टी झालेल्या साली साक्षींच्या आधी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 3:17-18 वाचा. अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि तरीही संदेष्टा परमेश्वराच्या ठायी उल्हास करतो. त्यानं नुकसान झाकलेलं नाही, एकेक नाव घेऊन मोजलंय. त्यामुळे नुकसान झालेल्यालाही तोंड उघडता येतं. नाही उघडलं तर आग्रह करू नका.

दानासाठी टोपली ठेवा. पाकिटावर नाव नको, आकडा वाचून दाखवणं तर नकोच. नवी तूर द्यायची असेल तर दोन-तीन दिवस चांगलं ऊन दाखवा. ओलसर भरली की बुरशी धरते.

शेजाऱ्यांच्या ताटासाठी शंकरपाळे सगळ्यांत सोयीचे. 1 किलो मैद्याला 300 ग्रॅम साखर, 300 ग्रॅम तूप आणि साधारण 300 मिली दूध. दूध, साखर, तूप गरम करून साखर विरघळवा, कोमट झालं की मावेल तसा मैदा घालून घट्ट मळा, अर्धा तास झाका. मंद-मध्यम आचेवर तळा. तेल कडक असलं तर वरून लाल, आतून कच्चे. तूप जास्त झालं तर कढईत विरघळतात. पहिले दोन-तीन तळून पाहा आणि गरज पडली तर पिठात थोडा मैदा वाढवा. शंभर-शंभर ग्रॅमचे पंधराएक पुडे होतात. केक देणार असाल तर त्यात अंडं आहे का हे देतानाच सांगा. मुसलमान शेजाऱ्यांकडे रम घातलेला केक नेऊ नका. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बऱ्याच घरांत बायांचा उपवास असतो, तेव्हा ताट शुक्रवारी न्या.

लूकच्या शुभवर्तमानात, 17 व्या अध्यायात, येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला तो एकटा शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. म्हणजे आभार मानायला माणूस चालत गेला होता. वर्षभरात ज्यांनी हात दिला अशा पाच जणांची नावं कागदावर लिहा: दवाखान्यातली सिस्टर, शाळेचे गुरुजी, आपलं देऊळ (चर्च) झाडणारी बाई. फॉरवर्ड केलेला नाताळचा फोटो यांना पाठवू नका. फोन करा किंवा घरी जा, आणि नेमकं कशाबद्दल आभार ते एका वाक्यात सांगा. सालगड्याचा किंवा कामवालीचा पैसा थकला असेल तर तो आधी चुकता करा, फराळाचं ताट त्यानंतर.